भागरताचं उत्तर

गोल बाजारात लिंबं निवडता निवडता अन्नपूर्णाने मोबाइल कानाशी धरला आणि तिला वाटलं, हा भलत्याच कोणाचा तरी आवाज लागला. आतून एक बाप्या बोलत होता. नुकता झोपेतून उठल्यासारखा, जड जिभेचा, एकेक शब्द धान्याच्या पोत्यासारखा दमून खाली ठेवणारा. गुलाबभाऊ, देवाजीभाऊले सांगून द्या, पुढच्या साली भागरताचं काम दिव्यानीले द्या म्हना, माह्याच्यानं आता होत नाई. शब्द मात्र तिचे होते. सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून तिनेच ते बोलून पाठवले होते, आणि गेले की नाही हे बघायला आता बोट लावलं होतं. गेले नव्हते. खाली एकच टिक होती. गुलाबभाऊ मोहफुलाच्या दिवसांत धानोऱ्याकडच्या आपल्या गावी जातो आणि तिकडे नेटवर्क आलं तर आलं. लिंबवाल्याने मान वर केली आणि सहज विचारलं, "कोन होय बाई ते, घरचे भाऊ का?" याला उत्तर होतं. घरचे भाऊ असते तर लिंबं आणायला तेच नसते का आले, असं काहीतरी, फटकन तोंडावर मारण्यासारखं. ते उत्तर अन्नपूर्णाला पोटात कुठेतरी तयार झालेलं जाणवलं, ते छातीपर्यंत आलं, गळ्यापाशी थांबलं, आणि जिभेवर आलं तेव्हा लिंबवाला शेजारच्या बाईला कारली तोलून देत होता. तिने ते तसंच गिळलं. लिंबं तिथेच राहिली आणि ती भर उन्हात चालायला लागली. चंद्रपूरचं एप्रिलचं ऊन, रस्त्यावरचे लोक डोक्याला दुपट्टे गुंडाळून पळत होते, आणि हिला अंगावरचा पदर सोडवत नव्हता.

चंद्रपुरात तिला कोणी ओळखत नाही. बाबुपेठेतल्या दोन खोल्यांत ती करिष्माची आई, बस. करिष्माचे वडील गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहेत आणि बरीच वर्षं तिकडचेच आहेत, त्यावर आता मायलेकी बोलतही नाहीत. पण मूल गाव ओलांडून पुढे सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे गेलं की कुठल्याही चहाच्या टपरीवर लोक वळून बघतात, भागरता आली म्हणतात. दिवाळीला भाताची कापणी झाली की झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. गावोगावी शामियाने, रात्रभराचं नाटक, थंडीत गोधड्या घेऊन बसलेली माणसं. देवाजीभाऊंची कंपनी वडशाची, आणि तिच्या नाटकात नायक-नायिका दर दोन वर्षांनी बदलले तरी नवऱ्याला धारेवर धरणारी भागरता बदलली नव्हती. भागरताचा नवरा दुसऱ्या अंकात गळा काढून विचारतो, "मी मेल्यावर तू काय करशील?" आणि भागरता म्हणते, "आधी मरून तं दाखव, मंग सांगतो." लिहून बघितलं तर यात काही नाही. दुसऱ्या बाईने म्हटलं तर चार माणसं हसतील. खरी गंमत शब्दांत नव्हतीच, ती मधल्या जागेत होती. त्याचं 'करशील' पुरतं संपायच्या आत हिचं 'आधी' सुरू व्हायला हवं, मध्ये वारा शिरायलाही जागा राहता कामा नये. अन्नपूर्णाने ती जागा वर्षानुवर्षं कधी राहू दिली नाही. शामियाना असा उसळायचा की पुढचं वाक्य घ्यायला नवऱ्याला थांबावं लागायचं. लग्नाच्या पंगतीत बाया एकमेकींना ते उत्तर ऐकवायच्या. ती विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे, गुलाबभाऊकडे, कधी बघायची नाही, आणि तिचा प्रवेश आला की तो खुशाल तंबाखू मळत बसायचा.

ती जागा केव्हा रुंद व्हायला लागली हे तिला नक्की सांगता येत नाही. आधी केस गळाले, मग पायातल्या वहाणा घट्ट झाल्या. सकाळी आरशात चेहरा असा दिसायचा, जणू कोणी रात्रभर रडलं आहे. झोप संपायची नाही. जिना चढताना मध्येच विसरायला व्हायचं की आपण वर कशाला चाललो. कंपनीत कुजबुज झाली, बाई घ्यायला लागली म्हणून. आवाज बसलेला, डोळे सुजलेले, बोलणं संथ, लोकांना दुसरं काय सुचणार. कंपनीतल्या तरुण नटीने, दिव्यानीने, तेवढं काही मनात धरलं नाही. ती पोरगी मेकअपच्या खोलीत गुपचूप आपली शाल हिच्या खांद्यावर टाकून जायची, आणि अन्नपूर्णाला त्याचाच जास्त राग यायचा. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत करिष्माने ओढून नेऊन रक्त तपासून घेतलं. थायरॉइड निघाला. गळ्यातली एवढीशी गाठ, ग्रंथी म्हणतात ती, काम करेनाशी झालेली, आणि त्यावर रोज एक गोळी, सकाळी उपाशीपोटी. बस, एवढंच. अन्नपूर्णाला इतकं हलकं वाटलं की ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर हसली. म्हणजे आपण म्हातारे झालो नाही, मंद झालो नाही, गाठ रुसली आहे. तिने ती गोळी एक दिवस चुकवली नाही. शो कुठल्याही गावी असो, गोळी ब्लाउजच्या खिशातल्या डबीत. पहाटे पडदा पडला, तोंडाचा रंग पुसला, की चुलीवरच्या गंजातला चहा कपात पडायचा आणि चहाबरोबर गोळी. गुडघ्यांसाठी कॅल्शियमचीही गोळी होती, तीही त्याच घोटात. आणि मग गाडीत झोप. औषधाच्या बाबतीत ती दगडावरची रेघ होती, आणि म्हणूनच आरमोरीला जे झालं ते तिला जास्त लागलं. औषध घेत नसती तर सांगायला जागा तरी राहिली असती.

आरमोरीला शामियाना भरलेला होता. नवऱ्याने गळा काढला, मी मेल्यावर तू काय करशील. अन्नपूर्णाला वाक्य आठवत होतं. हे ती कोणालाच पटवून देऊ शकली नाही, पण तिला आठवत होतं, समोर दिसत होतं, हात लांब करून घ्यायचं एवढंच बाकी होतं. आणि हात जात नव्हता. विहिरीतून बादली वर येते तसं ते येत होतं, येत होतं, आणि विंगेत गुलाबभाऊ घाबरला. इतक्या वर्षांत कधी न आलेली वेळ आली म्हणून त्याने वाक्य दिलं, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज मोठा निघतो. वर टांगलेल्या माइकने तो पकडला. शामियानाभर गुलाबभाऊचा जाडा आवाज घुमला, आधी मरून तं दाखव, मंग सांगतो. आणि त्याच्या मागून, पुरता एक श्वास सोडून, अन्नपूर्णाने तेच म्हटलं. तेही जवळपास त्याच आवाजात. लोक हसले. कधी नव्हे इतके हसले, पोटं धरून, शिट्ट्या मारून. ते भागरतावर हसले नव्हते, हे तिला उजेडात उभ्या उभ्या कळलं. तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. पुढे सीझन संपेपर्यंत गुलाबभाऊ तिच्या प्रवेशाला तंबाखू बाजूला ठेवून बसायला लागला आणि तिच्या तोंडाकडे बघत ओठ हलवायचा. तिला ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं. तो चांगला माणूस होता, आणि ते ओठ बघून तिला रडू यायचं.

बाजारातून घरी आली तर करिष्मा सुट्टीची दुपार म्हणून कूलर लावून त्याच्या समोरच झोपली होती. मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभं राहणारी पोर, तिला तेवढंच सुख. अन्नपूर्णाने सवयीने जाऊन कूलर बंद केला आणि पायावर चादर घेऊन भिंतीला टेकली. थोड्या वेळाने करिष्मा घामाने ओली होऊन उठली, काही न बोलता भिजवलेला टॉवेल मानेवर टाकला आणि पुन्हा आडवी झाली. या न बोलण्यात अन्नपूर्णाला आई दिसली. म्हणजे आईभोवतीचे सगळे दिसले. सिंदेवाहीजवळच्या घरात आई चैत्रातही चुलीपाशी बसून राहायची, हात निखाऱ्यांवर धरून. गळ्याला सूज, भुवया विरळ झालेल्या, पोटरी दाबली तर खड्डा पडेल असे पाय. काकू म्हणायच्या, आळशी आहे. आजी म्हणायची, बाहेरचं आहे, आणि अंगारा आणायची. कोणी दारात येऊन विचारायचं, काय वो, पोरगी कितवीत गेली? आईचं ऐकून व्हायचं, डोळ्यांत कळल्याची खूण यायची, आणि मग तोंड उघडायला इतका वेळ लागायचा की विचारणारी दुसऱ्या बाईकडे बघून डोळे मिचकवायची. ते डोळे मिचकवणं छोट्या अन्नपूर्णाला सहन व्हायचं नाही. म्हणून ती मध्येच उत्तर द्यायची. प्रश्न संपायच्या आत, आईचं तोंड उघडायच्या आत, असं काहीतरी चटपटीत की विचारणारी हसून मोकळी व्हायची आणि आईला विसरायची. पोरगी मोठी तोंडाची आहे म्हणायच्या सगळ्या. ती तोंडाची नव्हती, घाईत होती. आईची ती उघडी पडलेली जागा तिला भरून काढायची होती. पुढे कंपनीत लोकांनी विचारलं, बाई, टायमिंग कुठं शिकल्या, तेव्हा ती म्हणायची, घरी. आईचं रक्त कोणी कधी तपासलं नाही. ती एका थंडीत चुलीपाशीच गेली, आणि गावाने म्हटलं, सुटली बिचारी. आता हिच्या जागेत कोण घुसणार? करिष्माला तर हिचे शब्द येईपर्यंत थांबायची सवय झाली होती.

फेरतपासणीचा कागद करिष्मानेच आणला आणि दुसऱ्या दिवशी तीच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. जटपुरा गेटजवळच्या त्या छोट्या दवाखान्यात भिंतीवर गळ्याचं चित्र होतं, फुलपाखरासारखी गाठ काढलेली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, ओठ आवळले. आकडा जवळजवळ होता तिथेच होता. गोळीची ताकद वाढवावी लागेल असं म्हणत त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिताच विचारलं, रोज घेता ना? करिष्मा म्हणाली, एक दिवस चुकवत नाही. सकाळी उठल्यावर ना, असं त्यांनी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं. अन्नपूर्णाने पायांकडे बघत उत्तर शोधलं. डॉक्टरीणबाईंनी वाट बघितली, मध्ये बोलल्या नाहीत, हे तिला बरं वाटलं.

"उठल्यावर काऊन?" ती म्हणाली. "झोपाच्या आधी."

पेन थांबलं. मग सगळं बाहेर आलं, हळूहळू, ओळीने. नाटक पहाटे संपतं. मध्यंतरात कंपनीचं जेवण असतं, भात, वरण, कधी रस्सा. जागं राहायचं म्हणून चहा होत राहतो. पडदा पडला की पुन्हा चहा, त्यासोबत ही गोळी, ती गुडघ्याची गोळी. सीझन संपल्यावर घरी असली तरी सवय तीच, पहिला चहा आणि गोळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पण उपाशीपोटी सांगितलं होतं ना तुम्हाला?

"उपाशीच असतो न मी बाई. रातचं जेवन ते कालचं झालं. उजाडल्यावर मी काहीच खात नाई."

करिष्माने तोंडावर हात धरला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या मागे टेकल्या आणि तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितल्यासारखं बघितलं. मग त्यांनी कागदावर नुकतीच लिहिलेली वाढीव गोळी खोडली. म्हणाल्या, ही गोळी फार नखऱ्याची आहे, पोटात दुसरं काही असलं तर ती अंगी लागत नाही, चहा-दूध तिला चालत नाही, आणि कॅल्शियम तर अजिबात नाही. तुम्ही इतके महिने गोळी गिळलीत, पण रक्तात पोचली थोडीच. गाठ जे बनवत नाही, तेच या गोळीत आहे, दुसरं काही नाही. शरीराचा वेग त्यावर चालतो, बोलण्याचा, पोटाचा, हृदयाचा, सगळ्याचा.

"तुमची सकाळ दुपारी होते ना? मग दुपारी घ्या. ज्या वेळी उठाल त्या वेळी, नुसत्या पाण्यासोबत. त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. कॅल्शियम एकदम संध्याकाळी. सूर्याशी या गोळीचं काही देणंघेणं नाही."

अन्नपूर्णाने विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, फरक पडायला दीड-दोन महिने, तेव्हा पुन्हा तपासू, घाई करून उपयोग नाही. आणि गोळी? गोळी जन्मभर. रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद करायची नाही, तो गोळीमुळेच चांगला येणार आहे. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का, आई, मावशी? पुष्कळदा घराण्यात असतं. अन्नपूर्णाच्या तोंडून हो निघायला वेळ लागला, पण या वेळी तो वेळ गाठीचा नव्हता. आईला काय होतं हे इतक्या वर्षांनी कोणीतरी साधं, रोजच्या भाषेत विचारलं होतं. तिथे अंगारा नव्हता, आळस नव्हता, नुसता एक प्रश्न होता. तिने गळ्याच्या चित्राकडे बघितलं आणि तिला चुलीपाशी जाऊन बसावंसं वाटलं, आईच्या शेजारी, काही न बोलता.

जन्मभर हा शब्द घरी आल्यावर खुपायला लागला. जन्मभर विंगेत कोणीतरी बसवून ठेवायचं म्हणजे. जिने कधी वाक्य मागितलं नाही तिला आता रोज उठून पांढऱ्या गोळीकडून मागायचं. एक दिवस तिने गोळी हातात घेऊन तशीच ठेवली, बघू काय होतं म्हणून, आणि मग करिष्माच्या मानेवरचा ओला टॉवेल बघून मुकाट्याने गिळली. पाणी पिऊन तासभर बसणं हे सगळ्यात कठीण होतं. चहाशिवाय तो तास कशाने भरायचा हे तिला समजेना. ती खिडकीत बसायची आणि दूर थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जाताना बघायची. गुलाबभाऊच्या नावाखाली तो निरोप होता, अजूनही एक टिक. तो पुसायचा विचार तिच्या मनात आला होता. पुसला नाही. खोटी आशा धरून पोरीची, दिव्यानीची वाट का अडवायची, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर पुसायला बोट उचलायचंही तिला बळ नव्हतं. आणि एक दिवस तिथे दोन टिका दिसल्या, मग त्या निळ्या झाल्या. गुलाबभाऊने ऐकलं. उत्तर आलं नाही. ती रात्री जेवली नाही.

मे सरता सरता एक दुपार अशी आली की ती झोपेतून उठली ती चिडून. अंगाला काहीतरी चिकट लागलं होतं, मानेखाली, काखेत, पाठीला. काय आहे हे कळायला तिला क्षणभर गेला. घाम होता. तिने चादर पायाने उडवली आणि ओरडली, "कूलर काऊन बंद केला वो? मारतं का मले?"

करिष्मा स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात थांबली. कूलर तिने बंद केलाच नव्हता. आईनेच झोपायच्या आधी बंद केला होता, रोजच्यासारखा. तिने बटण दाबलं, पाण्याचा वास घेऊन हवा आली, आणि करिष्मा आईच्या शेजारी बसून कारण नसताना रडायला लागली. त्यानंतर गोष्टी अशाच आल्या, एकीमागून एक, कोणाला न सांगता. वहाणा सैल झाल्या. जिन्यावर मध्येच थांबणं थांबलं. रिपोर्टातला आकडा खाली उतरला, डॉक्टरीणबाईंनी तीच गोळी पुढे लिहून दिली. आवाज मात्र सगळ्यात मागे राहिला. तो रोज थोडा पातळ होत होता, पण तिला स्वतःवर भरवसा नव्हता. ती आरशासमोर उभी राहून भागरताचं वाक्य म्हणून बघायची नाही. एकटीने म्हणून काय कळणार, समोरून प्रश्न यायला हवा. आणि तो प्रश्न देणाऱ्यांना तर तिने स्वतःच कळवून टाकलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडी, धानाचे पऱ्हे टाकायच्या दिवसांत गुलाबभाऊ आला. पायरीवर चिखलाच्या चपला सोडल्या, मोहाच्या वाळल्या फुलांची एक पिशवी करिष्माच्या हातात दिली आणि खुर्चीच्या कडेवर बसला. देवाजीभाऊ पुढच्या सीझनची माणसं ठरवत आहेत, म्हणाला. मग बराच वेळ गावाचं बोलला, पावसाचं, वाघाचं, जावयाचं. निरोपाचं नाव नाही. अन्नपूर्णा त्याच्या तोंडाकडे बघत बसली. शेवटी तिनेच विचारलं, देवाजीभाऊ काय म्हणाले? गुलाबभाऊने तंबाखूची डबी काढली आणि तशीच परत ठेवली.

"तुमचा निरोप माह्याजवळच हाये बाई," तो खाली बघत म्हणाला. "कोनालेच नाई सांगतला. एकदा तुमचं वाक्य तुमच्या आधी बोलून गेलो मी. पुन्हा नाई बोलनार."

तिला काय वाटलं ते सांगता येणार नाही, डोळे भरून आले एवढं खरं. गुलाबभाऊला हे झेपलं नाही. बाईमाणूस रडलं की त्याला स्वतःची दुखणी आठवतात. त्याने चहाचा कप उचलला आणि गाऱ्हाणं सुरू केलं, गुडघे गेले, बीपी वाढला, घरात कोणी विचारत नाही, पोरं नागपूरला. "मी तं म्हनतो, असाच एक दिवस बसल्या बसल्या जाईन. अन् मी मेल्यावर कोन काय कर—"

"आधी मरून तं दाखवा, मंग सांगतो."

कोण बोललं ते अन्नपूर्णाला नंतर कळलं. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं आणि करिष्माचं हसणं फुटलं. गुलाबभाऊ कप तोंडाजवळ धरून तसाच बसला होता. त्याचे ओठ सवयीने अर्धे उघडले होते, द्यायला, आणि द्यायला काही उरलं नव्हतं. त्याने ते मिटले. मग त्याचे खांदे हलायला लागले, चहा बशीबाहेर सांडला, आणि तो डोळे पुसत पुसत हसत राहिला. तिचा आवाज अजून थोडा घोगरा होता. मध्ये वारा शिरला नव्हता.

"मंग देवाजीभाऊले काय सांगू?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"काय सांगता म्हंजे? माइक तुमच्या तोंडापासून दूर बांधा म्हना," अन्नपूर्णा म्हणाली, आणि सांडलेला चहा पुसायला फडकं आणायला उठली.